ज्यू विचारातील श्रद्धा व बुद्धी

ईश्वरदत्त धर्मशास्त्र (तोरा) व मानवी बुद्धी यांच्या परस्परसंबंधाचा ज्यू तत्त्वज्ञानातील प्रश्न. मोझेस मेंडेल्सझोन (१७२९–८६) याच्या मते ईश्वराच्या अस्तित्वासारखी शाश्वत सत्ये बुद्धीने सर्वांनाच कळतात. सिनाई पर्वतावर प्रकट झाली ती धर्ममते नव्हेत, तर आचारविधी. हेर्मान कोएन (१८४२–१९१८) याने कांटच्या आधारे ज्यू धर्माचे सार नैतिक एकेश्वरवादात पाहिले. मार्टिन बूबर (१८७८–१९६५) याने मात्र ईश्वर हा अनुमानाचा विषय नसून संवादात भेटणारा ‘तू’ होय, असे प्रतिपादिले.

महाराष्ट्रात हा प्रश्न ग्रंथांपेक्षा आचारातून उपस्थित झाला. मराठी भाषिक बेने इझ्राएलांनी कोकणात शब्बाथ, सुंता व ‘शेमा’ ही प्रार्थना यांच्या बळावर धर्म टिकविला. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. विधींची विवेकाच्या निकषावर पारख करणाऱ्या लंडनमधील उदारमतवादी चळवळीपासून प्रेरणा घेऊन डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन केली. बहुसंख्य समाज मात्र परंपरेलाच अनुसरत राहिला.

१९६२ मध्ये इझ्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने बेने इझ्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी आवश्यक ठरविली. त्याविरुद्ध आंदोलन झाले व १९६४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. ज्यूत्व शास्त्रनियमांनी ठरते, की पिढ्यान्‌पिढ्या आचरलेल्या निष्ठेने, हाच या वादाचा गाभा होता.