धुराड्याची ओढ आणि चुलीचा धूर

बोदलकसा आणि त्याच्या आसपासची गावे ही तलाव, धान आणि जंगल यांच्या सान्निध्यात वसलेली आहेत. 1917 साली बांधून पूर्ण झालेला येथील तलाव, त्याखालील धानाची शेती आणि जवळच असलेले नागझिऱ्याचे जंगल हे या भागाचे वैभव होय. घरोघरी गॅसची शेगडी पोचू लागली असली, तरी पाणी तापविणे, भात शिजविणे, जनावरांचे खाद्य शिजविणे यांसाठी अनेक घरांत चूल अद्याप पेटते. सरपणासाठी स्त्रियांना वन्य पशूंचा वावर असलेल्या जंगलात जावे लागते. एवढ्या कष्टाने आणलेले लाकूड उष्णता न देता नुसते धुपत राहिले, तर श्रम वाया जातात आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांना व फुप्फुसांना अपाय होतो. घरातील चुलीच्या धुराने होणाऱ्या विकारांमुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

धुराडे असलेल्या चुलीचा विचार विदर्भास नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने 1947 च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार केली. 1983 ते 2002 या काळात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला व गावोगावी अशा चुली बांधल्या गेल्या. परंतु चूल बांधण्यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा तिच्या देखभालीवर दिला गेला नाही. धुराडी काजळीने भरली, नळ फुटले, आणि ‘ही चूल धुपते’ म्हणून ती मोडून टाकण्यात आली. वास्तविक अशा बहुतेक चुलींचा दोष थोड्या श्रमाने दूर होण्यासारखा असतो.

ओढ म्हणजे काय?

तापलेली हवा हलकी होते. 30 अंश सेल्सियस तपमानाची एक घनमीटर हवा सुमारे 1.16 किलो भरते; तीच 150 अंशांवर सुमारे 0.83 किलो भरते. धुराड्यातील हलकी हवा वर चढते आणि तिच्या जागी बाहेरची जड हवा चुलीच्या तोंडातून आत शिरते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. धुराडे जितके उंच आणि आतील हवा जितकी गरम, तितकी ओढ अधिक. तरीही ही शक्ती फार थोडी असते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात ती पाण्याच्या जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी भरते. पाटाला वाटेत भगदाडे पडली, तर शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नाही. धुराड्याचेही तसेच आहे. एखादी फट किंवा थोडी काजळीही ओढ मोडण्यास पुरेशी होते.

दोष कसा ओळखावा?

धूर केव्हा उलटतो हे प्रथम पाहावे.

1. चूल पेटविताना धूर उलटतो व थोड्या वेळाने थांबतो: धुराडे थंड आहे. चूल पेटविण्यापूर्वी धुराड्याच्या बुडाशी मूठभर कोरडे तणस जाळावे. आतील हवा तापली की ओढ सुरू होते.

2. धूर सतत उलटतो: प्रथम काजळी तपासावी. 75 मिलिमीटर व्यासाच्या नळात सभोवार 10 मिलिमीटर काजळी बसली, तर धुराची वाट जवळजवळ निम्मी होते. त्यानंतर फटी शोधाव्यात. चूल पेटलेली असताना पेटती उदबत्ती नळाच्या सांध्यांजवळून फिरवावी. जेथे तिचा धूर आत ओढला जाईल, तेथे फट आहे असे समजावे व ती कालविलेल्या मातीने लिंपावी. दोन भांड्यांच्या चुलीत मागील वैलावर भांडे नसेल, तर ते तोंड झाकणाने बंद करावे.

3. दार उघडताच धूर कमी होतो: खोलीत हवा येण्यास वाट नाही. खिडकी किंवा झरोका ठेवावा.

4. वारा सुटला की धूर उलटतो: धुराड्याचे तोंड आढ्यापेक्षा खाली आहे. ते आढ्याच्या वर सुमारे 60 सेंटिमीटर न्यावे. पावसासाठी बसविलेली टोपी नळाच्या तोंडापासून निदान नळाच्या व्यासाइतकी उंच असावी. नळास वाकणे शक्य तितकी कमी ठेवावीत.

कवेलू, बांबू किंवा गवताच्या छपरातून नळ नेताना तो लाकूड, बांबू अथवा गवत यांना टेकू देऊ नये. भोवती मोकळी जागा ठेवून पत्र्याची चौकट बसवावी. अन्यथा आगीचा धोका संभवतो.

ओले लाकूड

धुराडे निर्दोष असूनही धूर होत असेल, तर लाकूड ओले असण्याचा संभव आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. हे पाणी वाफ होऊन जाण्यात उष्णता खर्ची पडते, धूर थंड होतो, ओढ मंदावते आणि काजळी लवकर बसते. म्हणून पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच फोडून वाळवावे. ते जमिनीपासून उंच, वारा खेळेल असे रचून वळचणीखाली ठेवावे. चुलीचे तोंड लाकडांनी ठासून भरू नये. खालून हवा शिरण्यास जागा असावी आणि राख वेळोवेळी काढावी.

कार्यकर्त्यांस सूचना

चुलीची पाहणी करताना तीवर रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईस प्रथम विचारावे. धूर केव्हा व कोठून येतो हे तिच्याइतके अन्य कोणासही ठाऊक नसते. गवंड्यास चूल बांधावयास शिकविताना घरातील स्त्री-पुरुषांस धुराडे साफ करण्याचेही शिक्षण द्यावे. चूल थंड असताना महिन्यातून एकदा काठीस चिंध्या बांधून नळ झाडावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी झाडावा.

धुराडे धूर नाहीसा करीत नाही. तो घराबाहेर नेते. म्हणून जेथे गॅस परवडतो, तेथे रोजच्या स्वयंपाकासाठी तोच वापरणे हितावह होय. परंतु जोवर घरात चूल पेटत आहे, तोवर तिचा धूर घरात कोंडू न देणे हे प्रत्येक कुटुंबाच्या हातचे आहे. यास लागते ती थोडी माती, एक काठी आणि महिन्यातून अर्धा तास.