जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा आणि महिलांच्या शर्यतीचे अंतर

धावपट्टी सोडून गवत, चिखल व चढउतारांवरून धावण्याच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीस क्रॉस कंट्री म्हणतात. १९७३ मध्ये बेल्जियममधील वारेगेम येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांसाठी सुमारे १२ किलोमीटर, तर महिलांसाठी जेमतेम ४ किलोमीटर अंतर होते. दीर्घ अंतर स्त्रीला झेपणार नाही, हा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. तो किती निराधार होता, हे नॉर्वेच्या ग्रेटा वाइट्झ यांनी दाखवून दिले. १९७८ साली ग्लासगो येथे पाच किलोमीटरहूनही कमी अंतराची ही शर्यत त्यांनी जिंकली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन २ तास ३२ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करून महिलांचा जागतिक उच्चांक मोडला. क्रॉस कंट्रीचे नियम मात्र सावकाश बदलले. महिलांचे अंतर पुढे वाढत गेले, तरी २०१५ मध्येही ते ८ किलोमीटर होते व पुरुषांचे १२. अखेर २०१७ मध्ये युगांडातील कंपाला येथे दोघांसाठी १० किलोमीटर अंतर ठेवण्यात आले; म्हणजे समानतेसाठी पुरुषांचेही अंतर घटवावे लागले, हे लक्षणीय होय. त्या शर्यतीत केनियाच्या महिलांनी पहिले सहाही क्रमांक मिळविले.