हृद्‌रोहिणी पर्यायमार्ग शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन उपद्रव

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील बाजूस मेदयुक्त थर साचून त्या अरुंद झाल्या म्हणजे शरीरातील दुसऱ्या वाहिनीचे कलम जोडून अडथळ्यापलीकडे रक्त नेतात. ही शस्त्रक्रिया ‘बायपास’ या नावाने परिचित आहे. व्ही. आय. कोलेसॉव्ह यांनी १९६४ मध्ये लेनिनग्राड येथे छातीतील रोहिणी हृद्‌रोहिणीला टाक्यांनी जोडली. १९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनी शल्यचिकित्सकांनी पायातील नीला वापरण्यास सुरुवात केली आणि ही पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. शस्त्रक्रियेने अडथळा टाळला जातो. मूळ रोग मात्र नाहीसा होत नाही. दीर्घकालीन उपद्रवांपैकी सर्वांत महत्त्वाचे उपद्रव यामुळेच उद्‌भवतात.

कलमाचे विकार : नीलेची भित्ती कमी दाबाच्या रक्तप्रवाहासाठी घडलेली असते. रोहिणीचा दाब सोसावा लागताच तिच्यात बदल होऊ लागतात. पहिल्या महिन्यात रक्ताची गुठळी होऊन कलम बंद पडू शकते. पुढे वर्षभरात आतील स्तर जाड होतो आणि त्यानंतर त्यावर मेदाचे थर साचू लागतात. दहा वर्षांनंतर नीलेची सुमारे निम्मी कलमे बंद पडलेली वा बरीच अरुंद झालेली आढळतात. याउलट, छातीच्या भित्तीतील वक्षांतर्गत रोहिणी हृदयाच्या डाव्या अग्र रोहिणीला जोडल्यास दहा वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के कलमे खुली राहतात. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकात या रोहिणीचा वापर वाढला. कलम अरुंद झाल्यास श्रम केल्यावर छातीत दुखणे, धाप लागणे ही लक्षणे पुन्हा दिसतात. मधुमेही रुग्णांत ती अस्पष्ट असू शकतात.

डावी वक्षांतर्गत रोहिणी ही हाताला रक्त पुरविणाऱ्या अधोजत्रू रोहिणीची शाखा आहे. अधोजत्रू रोहिणी उगमाजवळ अरुंद झाली, तर डाव्या हाताच्या श्रमाने कलमातील रक्त उलट दिशेने हाताकडे खेचले जाते व छातीत दुखू लागते. दोन्ही हातांच्या रक्तदाबांत लक्षणीय फरक आढळल्यास या विकाराची शंका घेतात.

इतर उपद्रव : हृदयाच्या ज्या रोहिण्यांना कलम जोडलेले नसते, त्यांतही रोग वाढत राहतो. पूर्वीच्या झटक्याने स्नायूचा काही भाग मृत झालेला असल्यास कालांतराने हृदय अपुरे पडू शकते. शस्त्रक्रियेनंतर लगेच आलेली अलिंदाची अनियमित स्पंदने बहुधा थांबतात. परंतु अशा रुग्णांत पुढे पक्षाघाताचा धोका अधिक असतो. स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावल्याची तक्रार काही रुग्ण करतात. याचा दोष पूर्वी हृद्‌-फुप्फुस यंत्राला दिला जाई. परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या हृद्‌रोग्यांतही कालांतराने तशीच घट आढळल्याने मेंदूतील रोहिण्यांचा रोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानतात. नीला काढलेल्या पायावर सूज व बधिरता, छातीच्या व्रणाच्या जागी वेदना आणि मनाची खिन्नता हे त्रास काही जणांत दीर्घकाळ टिकतात. खिन्नतेकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. तिच्यामुळे औषधे व व्यायाम यांत खंड पडतो.

प्रतिबंध व उपचार : वेदना थांबल्याने रोग गेला असे समजून औषधे सोडणे धोक्याचे असते. अ‍ॅस्पिरीन गुठळी होण्यास प्रतिबंध करते. स्टॅटिन गटातील औषधांनी कोलेस्टेरॉल कमी ठेवल्यास नीलेच्या कलमातील रोगाची वाढ मंदावते. ही औषधे वैद्याच्या सल्ल्याने बहुधा आजन्म घ्यावी लागतात. धूम्रपान पूर्ण बंद करणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि नियमित चालणे आवश्यक असते. कलम बंद पडल्यास शक्यतो मूळ रोहिणीच फुग्याने रुंद करून तीत स्टेंट (जाळीदार नळी) बसवितात. दुसऱ्यांदा छाती उघडण्यात पहिल्यापेक्षा अधिक धोका असतो. कारण हृदय उरोस्थीच्या मागील बाजूस चिकटलेले असते आणि चालू असलेल्या कलमास इजा पोहोचण्याचा संभव असतो.