मूलपेशी-रोपणानंतर बालरुग्णाची निगा

रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलावर मूलपेशींचे रोपण झाले की, संकट टळले असे आपण समजतो. परंतु खरी जबाबदारी त्यानंतरच सुरू होते. आपल्या देशात असे पहिले यशस्वी रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नऊ वर्षांच्या मुलीवर झाले.

रोपणापूर्वी दिलेल्या तीव्र औषधांनी मुलाची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट होते. नवी मज्जा रुजेपर्यंत दोन ते चार आठवडे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. म्हणून हात स्वच्छ धुणे, ताजे शिजवलेले अन्न व उकळलेले पाणी देणे अत्यावश्यक ठरते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका वेगळा आहे. दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरालाच परके समजून त्वचा, यकृत व आतड्यांवर हल्ला करतात. अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणे होत. ते टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे देतात. मूल खेळू लागले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. पूर्वीच्या लसींचे संरक्षणही ओसरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीकरण पुन्हा करावे लागते.

आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपली माणुसकी. पण अशा मुलाच्या घरी गर्दी न करणे, सर्दी-खोकला असताना दूर राहणे आणि गरज पडेल तेव्हा रक्तदान करणे, हीच आपण त्याला केलेली खरी मदत होय.