‘तुम्ही आता फक्त आराम करा’

घरातले वडीलधारे निवृत्त झाले, की एक वाक्य हमखास कानावर येते, ‘आयुष्यभर खूप केलंत, आता तुम्ही फक्त आराम करा.’ मग भाजी दुसरेच कोणी आणते, बँकेचे व्यवहार मुलगा मोबाइलवरून उरकतो, विजेचे बिल कधी भरले हेही आजोबांना कळत नाही. यात प्रेम असते, काळजीही असते. मात्र गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्र आणि वैद्यकशास्त्रात झालेले संशोधन आपल्याला इथे थांबून विचार करायला लावते. आयुष्य अर्थपूर्ण वाटण्यासाठी माणसाला सुखसोयींइतकीच, कदाचित त्याहून जास्त, गरज असते ती आपल्यावाचून अडेल अशा एखाद्या जबाबदारीची. ती गेली, की तिची उणीव मनाला भासते आणि शरीरावरही उमटते.

दोन मजले, एक रोप

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला. आश्रम उत्तम होता, सेवा चांगली होती. चौथ्या मजल्यावरच्या 47 आणि दुसऱ्या मजल्यावरच्या 44 रहिवाशांसमोर व्यवस्थापकाने एकेक छोटे भाषण केले. चौथ्या मजल्यावर त्याने सांगितले, की खोलीत सामान कसे लावायचे, वेळ कसा घालवायचा, तक्रार असेल तर ती कोणाकडे मांडायची, हे सारे तुमचे तुम्ही ठरवायचे आहे. मग रोपांची पेटी फिरवली गेली. रोप हवे की नको, हवे तर कोणते, हे ज्याने त्याने निवडले. घेतलेल्या रोपाची निगा त्यानेच राखायची होती. आठवड्यात दोन दिवस चित्रपट दाखवला जाणार होता आणि कोणत्या दिवशी जायचे, हेही त्यांच्यावर सोपवले होते.

दुसऱ्या मजल्यावरचे भाषणही तितकेच आपुलकीचे होते. फक्त भर वेगळा होता. तुम्ही सुखात राहावे ही आमची जबाबदारी आहे, असे तिथे सांगण्यात आले. रोप तिथेही प्रत्येकाला मिळाले, पण ते परिचारिकेने हातात दिले आणि त्याला पाणीही तीच घालणार होती. चित्रपटाचा दिवसही कर्मचारीच ठरवणार होते.

तीन आठवड्यांनी मूल्यमापन झाले. चौथ्या मजल्यावरच्या 93 टक्के रहिवाशांमध्ये एकंदर सुधारणा दिसली. ते जास्त हिंडूफिरू लागले होते, इतरांशी अधिक बोलत होते. दुसऱ्या मजल्यावर 71 टक्के रहिवासी आधीपेक्षा खालावले होते. दीड वर्षानंतर पुन्हा नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या 47 पैकी 7 जणांचा, तर दुसऱ्या मजल्यावरच्या 44 पैकी 13 जणांचा मृत्यू झाला होता.

हे आकडे वाचून लगेच निष्कर्षावर उडी मारणे बरोबर नाही. प्रयोग लहान होता. गट व्यक्तिवार न पाडता मजल्यांप्रमाणे पाडलेले होते. मृत्यूंमधला फरक पहिल्यांदा वाटला तितका भक्कम नाही, अशी दुरुस्ती संशोधकांनी स्वतःच 1978 साली प्रसिद्ध केली. तरीही या प्रयोगाने विचारलेला प्रश्न मोलाचा ठरला. दोन्ही मजल्यांवर अन्न, औषधे आणि इमारत सारखीच होती, रोपेही सारखीच होती. मग ‘हे माझे काम आहे’ या जाणिवेचा आरोग्याशी काय संबंध?

जपानमधला एक प्रश्न

या प्रश्नाला मोठ्या संख्येचा आधार मिळाला तो जपानमधून. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 40 ते 79 वयाच्या 43,391 जणांना संशोधकांनी विचारले होते, ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ इकिगाई म्हणजे ज्यासाठी जगावेसे वाटते ते. पुढची सात वर्षे या सर्वांवर लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. वय, धूम्रपान, मद्यपान आणि आधीचे आजार हिशेबात घेऊनही हा फरक उरला. तो प्रामुख्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत, तसेच अपघात-आत्महत्येसारख्या बाह्य कारणांत दिसला. कर्करोगाच्या मृत्यूंत तसा फरक आढळला नाही. म्हणजे जगण्याचे कारण सापडले की प्रत्येक आजार पळतो, असा दावा विज्ञान करत नाही.

शिकागोतल्या रश विद्यापीठाचा अभ्यास आणखी खोलात जातो. 1997 पासून तिथे ज्येष्ठांची दरवर्षी तपासणी होते आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देण्याची तयारी हे सहभागी आधीच दाखवतात. तिथल्या संशोधक पॅट्रिशिया बॉइल आणि सहकाऱ्यांनी या सहभागींच्या जीवनहेतूचे मोजमाप केले. त्यासाठी वापरलेली प्रश्नावली कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञेच्या कामावर आधारलेली होती. रिफ यांनी 1989 साली मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे मांडली होती: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे नाते, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जीवनहेतू आणि व्यक्तिगत वाढ. यांत ‘आनंदी वाटणे’ हे वेगळे अंग नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जीवनहेतूचे गुण ज्यांच्यात जास्त होते, त्यांना पुढच्या वर्षांत अल्झायमर होण्याची शक्यता कमी आढळली. त्याहून लक्षवेधी निष्कर्ष 2012 साली आला. मृत्यूनंतर 246 जणांचे मेंदू तपासले गेले. अल्झायमरची खूण असलेले प्रथिनांचे थर आणि गुंते अनेकांच्या मेंदूत होते. परंतु जीवनहेतू ठळक असलेल्यांची स्मृती आणि विचारशक्ती, मेंदूत तितकाच बिघाड असूनही, हयातीत अधिक चांगली राहिली होती. बिघाड टळला नव्हता, पण त्याला तोंड देण्याची मेंदूची ताकद जास्त होती.

कारण की परिणाम?

इथे एक शंका रास्त आहे. आजारी पडल्यामुळेच माणसाचा जगण्यातला रस आटत नसेल कशावरून? निरीक्षणावर आधारलेले अभ्यास या शंकेचे पूर्ण निरसन करू शकत नाहीत. त्यासाठी प्रयोगच हवा, आणि असा एक मोठा प्रयोग बाल्टिमोर शहरात झाला.

‘एक्स्पीरियन्स कोअर’ हा तिथला उपक्रम साठीपुढच्या नागरिकांना सरकारी प्राथमिक शाळांत नेतो. आधी प्रशिक्षण, मग आठवड्याला किमान 15 तास काम. लहान मुलांना वाचायला शिकवायचे, ग्रंथालय सांभाळायचे, मुलांची भांडणे समजुतीने सोडवायला मदत करायची. या प्रयोगात 702 जण सहभागी झाले. कोण शाळेत जाणार आणि कोण तुलनेच्या गटात राहणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. त्यांपैकी 111 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा दोन वर्षे काढण्यात आल्या. तुलनेच्या गटात वयानुसार होणारी घट दिसली. शाळेत जाणाऱ्या पुरुषांत मात्र स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या बाह्य थराचे आकारमान थोडे वाढलेले आढळले. स्त्रियांमध्ये हा लाभ माफक होता.

यामागे एकच जादुई रसायन नाही. शाळेत पोचायचे म्हणजे वेळेवर उठणे आले, चालणे आले, नवी नावे लक्षात ठेवणे आले. आपली वाट पाहणारे कोणी असले, की माणूस औषधे चुकवत नाही, तपासण्या टाळत नाही. जबाबदारी अशा लहानलहान सवयींतून शरीरापर्यंत पोचते.

आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत स्वतःत डोकावून ध्येय शोधा, असा सल्ला दिला जातो. वरचे सारे संशोधन वेगळ्या दिशेला बोट दाखवते. रोपाला पाणी, मुलाला वाचन, शेजाऱ्याला सोबत असे बाहेरचे काहीतरी हातात घेतल्यावर अर्थ त्यातून घडत जातो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिले, की आयुष्य अर्थपूर्ण मानणाऱ्या माणसांच्या वाट्याला ताण आणि काळजीही जास्त येते. दुसऱ्यासाठी झटणाऱ्याला दगदग चुकत नाही. ती दगदग नको म्हणून अंग काढून घेतले, तर अर्थही हातचा जातो. हे तिशीतल्या माणसालाही तितकेच लागू आहे.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांना मन रमवण्यापुरते काम देऊ नका. ज्यावाचून घराचे खरेच अडेल असे काम द्या, आणि त्यातले निर्णयही त्यांच्यावर सोडा. प्रकृतीला झेपेल इतकेच असावे, पण पूर्णपणे त्यांचे असावे. निवृत्तांनी जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत, गावच्या वाचनालयात जाऊन आठवड्यातले ठरावीक तास मागून घ्यावेत. शाळांनीही त्यांना पाहुणे म्हणून मंचावर न बसवता, प्रशिक्षण देऊन वर्गात उभे करावे. वाचायला शिकणारे मूल आणि शिकवणारे आजोबा, दोघांचाही यात लाभ आहे.