डाव्या हाताखालचा वाद्यवृंद

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला विवेकानंद जन्मोत्सवाचा महाप्रसाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे आधी ट्रॅक्टर येतात. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या या उत्सवात माणसं मोकळ्या शेतात ओळीने बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीने भरलेल्या ट्रॉल्या ओळींमधून पुढे सरकत जातात. रांधणं एकदाच झालेलं असतं. वाढणं मात्र ज्याच्या त्याच्या पानापाशी, त्या त्या क्षणी होतं. हीच युक्ती एका वाद्याच्या पोटात बसवलेली आहे.

आपल्याकडे त्या वाद्याला सर्रास ‘कॅसिओ’ म्हणतात, मग वर नाव यामाहाचं असो की कोर्गचं. गणकयंत्रं करणाऱ्या कॅसिओ कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ बाजारात आणलं, आणि पुढे ते नावच आपल्या गावोगावी जातिवाचक झालं. खरं नाव अरेंजर कीबोर्ड. भजनसंध्येत किंवा लग्नाच्या मंडपात डोळे मिटून ऐका: ढोलकी वाजते, बास गिटार चालते, मागे व्हायोलिनचा ताफा आहे. डोळे उघडले की स्टेजवर एक कीबोर्डवाला, शेजारी फार तर एक पॅडवाला.

‘अरेंजर’ हा शब्द मुंबईच्या सिनेसंगीताला नवा नाही. तिथे अरेंजर म्हणजे हाडामांसाचा माणूस. शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचा पेहराव चढवणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि त्यांच्यासारखेच अँथनी गोन्साल्विस, दोघेही गोव्याचे. मराठीत आपण ज्याला संगीत संयोजन म्हणतो ते अनिल मोहिल्यांनी वर्षानुवर्षं केलं. चाल एकाची, पण व्हायोलिन कुठे उचलायची, बासने कोणता स्वर धरायचा, कडव्याआधी कोणती जागा भरायची, हे कागदावर उतरवायचं काम अरेंजरचं. त्या माणसाच्या डोक्यातला निदान एक कोपरा यंत्रात उतरवता येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

तो कोपरा म्हणजे ‘स्टाइल’. पुष्कळांना वाटतं की आत गाणी भरून ठेवलेली असतात आणि बटण दाबलं की ती वाजतात. तसं नाही. स्टाइलमध्ये गाणं नसतं, साथीची रीत असते. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ वाटा असतात: दोन तालवाद्यांच्या, एक बासची, दोन कॉर्डच्या, एक लांब धरलेल्या स्वरांची आणि दोन छोट्या सुरावटींच्या. या आठही वाटा साधारणपणे एकाच कॉर्डवर लिहिल्या जातात, सी मेजर सेव्हन्थवर. पांढरी एकला सा धरलात तर सा, ग, प, नि. रांधणं इथेच संपतं.

आता वाढणं. वादकाचा डावा हात पट्टीवर पडतो. यंत्र दाबलेल्या पट्ट्या पाहतं, त्यांतून कॉर्ड ओळखतं आणि आठही वाटांना सांगतं की आता इथून पुढे असं वाजवा. तालवाद्यं जागची हलत नाहीत, कारण ढोलकीला मेजर-मायनर नसतो. बास नव्या मूळ स्वरावर जातो. कॉर्ड मायनर असेल तर सुरावटीतला शुद्ध गंधार कोमल होतो. बास फार वर चढून किरकिरा होऊ नये म्हणून एक सीमा ठरवलेली असते. ती ओलांडायची वेळ आली की तो सप्तकभर खाली येतो. कॉर्ड बदलण्याच्या क्षणी एखादा स्वर अजून घुमत असेल, तर तो थांबवायचा, नव्या जागी सरकवायचा की पुन्हा नव्याने वाजवायचा, यासाठीही नियम आहे. हे सगळं बोट पडल्या पडल्या होतं आणि ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही.

शिकाऊ मुलासाठी यात सोयही आहे. एकच पट्टी दाबली तर मेजर. तिच्यासोबत डावीकडची काळी दाबली तर मायनर, डावीकडची पांढरी दाबली तर सेव्हन्थ. पेटीवर सारेगम काढणारं पोर पहिल्याच आठवड्यात वाद्यवृंद हाकू लागतं.

पण यंत्राची साथ कोरडी का वाटत नाही? यामाहाच्या वरच्या मॉडेलांत एका मात्रेचे १,९२० तुकडे पाडलेले असतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा एक तुकडा सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा पडतो. तबलजी समेवर येताना केसभर ओढ घेतो, लग्गीत किंचित पुढे धावतो. ती ओढ या जाळीत जशीच्या तशी पकडता येते. शिवाय थाप किती जोरात पडली हे १ ते १२७ अशा आकड्यांत नोंदलं जातं. १९८३ साली आलेल्या मिडी या कराराचा तो वारसा. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ती भाषा आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही जुनं वाद्य नव्याशी तिच्यातच बोलतं.

कोणता कीबोर्ड चांगला, हा प्रश्न सगळे विचारतात आणि स्टाइलची संख्या मोजू लागतात. माझ्या मते ती मोजणी निरुपयोगी आहे. पाहायचं ते असं, की वाद्य तुमच्या संगीताकडे किती वळतं. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत, उदाहरणार्थ आय ५०० मध्ये, ‘रियाज’ म्हणून वेगळी सोय आहे: तानपुरा आणि तबल्याचा ताल निवडायचा आणि गात बसायचं. कॅसिओने सीटी-एक्स ९००० आयएनसारख्या मॉडेलांच्या नावातच भारत घातला. हे कीबोर्ड भजनी मंडळाला पुरतात. वरच्या पायरीवर यामाहाची एसएक्स मालिका आणि कोर्गची पीए मालिका, आणि तिथे दोन विचारसरणी दिसतात. यामाहाचा भर नियमांवर: एक नमुना लिहा, बाकीचं यंत्र बदलून घेईल. कोर्गमध्ये स्टाइलच्या एकाच व्हेरिएशनसाठी, म्हणजे साथीच्या एकाच प्रकारासाठी, सहापर्यंत नमुने वेगवेगळे लिहिता येतात, म्हणजे मायनरसाठी लिहिणाऱ्याला हवी तशी निराळी चाल. पहिल्यात कष्ट कमी, दुसऱ्यात मोकळीक जास्त. आपल्या ठेक्यांची गंमत बारकाव्यात असते, म्हणून मला दुसरी वाट जवळची वाटते.

सुरांच्या बाबतीतही या पायरीवर मोठी गोष्ट मिळते. बारा सारख्या भागांच्या सप्तकात पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पेटीबद्दल जाणकारांची जी जुनी तक्रार होती, तिच्यात हे गणित होतं. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. चांगल्या अरेंजरमध्ये प्रत्येक स्वर सेंटच्या मापाने वर-खाली करता येतो. गंधार १४ने उतरवा, धैवत १६ने उतरवा आणि तानपुऱ्यासोबत धरा. कान लगेच सांगतील.

आणि मग अपडेट. तबला विकत घेतला की तो आहे तेवढाच राहतो. हे वाद्य विकत घेतल्यानंतर शिकतं. यामाहाचा जेनोस २०१७ मध्ये आला. २०१९ मध्ये त्याला दुसऱ्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर मिळालं आणि नवे आवाज भरायची जागा १.८ जीबीवरून ३ जीबी झाली. वाद्य तेच, पट्ट्या त्याच. एसएक्स ९०० मध्ये ही जागा १ जीबी आहे, एसएक्स ७०० मध्ये ४०० एमबी. खरेदी करताना स्टाइलच्या संख्येऐवजी हा आकडा विचारा. स्वस्त मॉडेलांत ही जागा बहुधा नसतेच. तिथे फार तर नवी स्टाइल घालता येते, नवा आवाज नाही.

अपडेट करायची रीत सोपी आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल घ्यायची, पेनड्राइव्हवर टाकायची, कीबोर्डला लावायची आणि सांगितलेली बटणं धरून चालू करायचा. मात्र आपल्याकडची एक गोष्ट कंपनीच्या पुस्तकात ठळक नसते. जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं लिहिलं जात असताना वीज गेली, तर वाद्य सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून आधी इन्व्हर्टर, मग अपडेट. आणि त्याही आधी, स्वतः केलेल्या स्टाइल आणि सेटिंगची नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर.

कारखान्यात भरलेला एक ठेका काय करू शकतो, याचं एक उदाहरण फार मोठं आहे. १९८१ च्या कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डचे ठेके ओकुदा हिरोको या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या तरुणीने बांधले होते. त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका जमैकात पोचला. १९८५ मध्ये वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ त्यावर उभं राहिलं आणि त्या देशाच्या संगीताची दिशा बदलली.

मग आपला भजनी ठेका? वारकरी पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात. ती ओली असते तेव्हा नाद खोल असतो, रात्र चढेल तशी कणीक सुकते आणि आवाज बदलतो. अभंग संथ सुरू होतो, गजराला लय दुपटीवर जाते. कारखान्यातल्या ‘भजन’ नावाच्या स्टाइलमध्ये हे पुरतं उतरलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मशीन त्यासाठी अपुरं आहे असं मला वाटत नाही. आवाज भरायची जागा आहे, मात्रेचे १,९२० तुकडे आहेत, स्वतःची स्टाइल लिहायची सोय आहे. गावातल्या पखवाजाचा आवाज तेवढा तिथे पोचलेला नाही.

ज्यांच्या नावाने हिवरा आश्रमचा उत्सव भरतो ते विवेकानंद संन्यासापूर्वी, नरेंद्रनाथ असताना, पखवाज शिकले होते. १८८७ मध्ये ‘संगीतकल्पतरु’ हा बंगाली ग्रंथ वैष्णवचरण बसाक यांच्यासोबत त्यांनी संकलित केला. तेव्हा मेहकर-चिखलीकडच्या कीबोर्डवाल्यांनो, एक करा. आपल्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या पखवाजवाल्या बाबांना एका दुपारी शांत खोलीत बसवा. प्रत्येक बोल निरनिराळ्या जोराने वाजवून घ्या. कणीक ओली असताना घ्या आणि सुकल्यावरही घ्या. मोबाइलवर केलंत तरी चालेल, पण या वर्षीच करा.