तार का घुमते?

आमच्या मळ्यावरून टॉवरची लाईन गेली आहे. टॉवरवर कवटीची पाटी आहे. तिच्यावर २,२०,००० व्होल्ट असे लिहिले आहे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज असते. म्हणजे ही साडेनऊशे पट झाली!

मागच्या हिवाळ्यात रात्रीची लाईट होती. म्हणून वडील, आजी आणि मी पहाटेच गव्हाला पाणी द्यायला गेलो. धुके खूप पडले होते. वर तार चर्र चर्र करून घुमत होती. आजी म्हणाली, "पोरी, वर बघू नगंस. मुंजा हाय त्यो." वडील हसले. म्हणाले, "मुंजा न्हाई न् काय न्हाई. तारेला शिवल्याबिगर काय होत न्हाई." आणि त्यांनी स्प्रिंकलरचा वीस फुटी पाईप उभा करून त्यातला गाळ झटकला. मला मात्र भीती वाटली. शाळेत आल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते इथे लिहिते.

हवेतून वीज सहसा जात नाही. म्हणून तर टॉवरच्या तारा उघड्या असतात. हवाच त्यांचे आवरण. पण हवेची ताकद संपते. एका सेंटीमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टचा ताण पडला की हवा हार खाते.

हवेत इलेक्ट्रॉन नावाचे अगदी बारीक कण थोडे थोडे मोकळे असतातच. तारेच्या ताणाने ते जोरात पळतात आणि हवेच्या कणांवर आपटतात. त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशी हवा फुटते. मग चर्र आवाज होतो आणि निळा-जांभळा उजेड पडतो. काळोखात कधी कधी तो दिसतो. ओझोन नावाचा वायूही तयार होतो, त्याला उग्र वास असतो.

शाळा सुटली की दारातच रेटारेटी होते, पटांगणात होत नाही. तसा ताण तारेच्या अगदी जवळ जास्त असतो आणि लांब गेले की कमी होतो. म्हणून हवा तारेभोवतीच फुटते. याला कोरोना म्हणतात. हा आजार नव्हे बरं का! कोरोना म्हणजे मुकुट. त्या विषाणूलाही मुकुटासारख्या आकारामुळेच हे नाव पडले.

धुक्यात तारेखाली पाण्याचे थेंब लोंबतात. थेंबाला टोक येते. टोकापाशी ताण फार वाढतो, म्हणून ओल्या दिवसांत तार जास्त घुमते. यात वीज फुकट जाते. म्हणून ४०० केव्हीच्या लाईनला एकाच्या जागी दोन किंवा जास्त तारा शेजारी-शेजारी लावतात. त्या मिळून एका जाड तारेसारखे काम करतात. मग ताण कमी होतो.

मित्रांनो, आजीचे चुकले, तिथे मुंजा नाही. पण वडिलांचेही चुकले. उभा पाईप किंवा ओला बांबू तारेच्या फार जवळ गेला तर मधल्या सगळ्या हवेवर ताण येतो. मग नुसता मुकुट राहत नाही, तारेपासून पाईपापर्यंत ठिणगी उडी मारते. न शिवताही माणूस मरू शकतो.

हे मी घरी सांगितले. वडील काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाईपाचे दुसरे टोक मला धरायला सांगितले. आम्ही पाईप आडवाच नेला. आता रोज तसाच नेतो.

म्हणून लाईनखाली पतंग उडवू नका, पाईप उभा करू नका आणि टॉवरवर चढू नका. घरीही सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी